किडनी ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले महिने: ऑपरेशनच्या तक्रारी वेळेत कशा पकडायच्या आणि गोळ्या कशा सांभाळायच्या

ट्रान्सप्लांट होऊन पेशंट घरी आला की सगळे म्हणतात चला, डायलिसिसमधून सुटलात एकदाचे. ते खरंच आहे, पण घरात जो कोणी सांभाळणारा असेल त्याने पुढचे तीन-चार महिने एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, क्रिएटिनिन (किडनी किती साफ करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढलं म्हणजे रिजेक्शनच झालं, म्हणजे शरीराने नवीन किडनी नाकारली, असं नसतं आणि ताप नाही म्हणजे सगळं बरं चाललंय असंही नसतं. ऑपरेशनमुळे झालेली तक्रार आणि औषधांमुळे झालेली तक्रार बाहेरून अगदी सारखी दिसते, लघवी कमी, वजन वाढलेलं, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वर. त्यातलं कुठलं हे सोनोग्राफी, डॉपलर (रक्तवाहिन्यांतला प्रवाह बघणारी सोनोग्राफी), टॅक्रो लेव्हल (टॅक्रोलिमस ह्या मुख्य गोळीचं रक्तातलं प्रमाण), कधीकधी बायोप्सी केल्यावरच कळतं, घरात सोफ्यावर बसून कळत नाही. ह्यांचं ट्रान्सप्लांट झालं तेव्हा आम्ही नेरुळला राहायचो, हॉस्पिटल ठाण्याला, किडनी सासूबाईंनी दिली, आणि त्या सगळ्या काळात मला जे कामाचं वाटलं ते इथे लिहितेय. डोस किती, कुठली गोळी, हे मात्र तुमचे डॉक्टरच ठरवणार, त्यात माझं किंवा कोणाचंच ऐकू नका.

आधी ऑपरेशनमध्ये काय करतात ते समजून घ्या म्हणजे पुढच्या तक्रारी आपोआप समजतात. जुन्या किडन्या बहुतेक वेळा काढत नाहीत, त्या मागे पाठीकडे जिथे आहेत तिथेच राहतात. नवीन किडनी पुढे ओटीपोटात, जांघेच्या थोडी वर, बहुतेक उजव्या बाजूला बसवतात. तिथे तीन जोड असतात, किडनीची धमनी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला जोडतात, शीर तिथल्याच मोठ्या शिरेला, आणि लघवी आणणारी नळी म्हणजे युरेटर मूत्राशयाला. त्या शेवटच्या जोडात एक बारीक प्लॅस्टिकची नळी आतून ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. सगळं घरातल्या नळाच्या कामासारखंच समजा, जोड गळू शकतो, तुंबू शकतो किंवा बाहेरून दाबला जाऊ शकतो, आणि सर्जरीच्या बहुतेक तक्रारी ह्या तीनपैकीच कशात तरी बसतात.

आता गोळ्या कशासाठी. शरीराला परकी वस्तू आली की ती मारून टाकायची सवय असते, मग ती जंतू असो की आईची किडनी. १९५४ साली बॉस्टनला डॉ. जोसेफ मरे ह्यांनी जे पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट केलं ते जुळ्या भावांमध्ये होतं, अगदी सारखे जुळे, त्यामुळे शरीराला किडनी परकी वाटलीच नाही आणि तेव्हा असली औषधंही नव्हती तरी ते जमलं. बाकी कोणालाच ही सोय नसते. सख्खी आई, सख्खा भाऊ, कितीही मॅच चांगला असू दे, प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं लागतातच, आणि किडनी चालू आहे तोपर्यंत लागतात. हे मुद्दाम लिहितेय कारण वर्ष-दोन वर्षं छान गेली की माणसाला वाटायला लागतं की आता कशाला एवढ्या गोळ्या, आणि तिथेच घात होतो. साधारण सगळीकडे तीन गोळ्या असतात, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड म्हणजे प्रेडनिसोलोन. त्याशिवाय ऑपरेशनच्या वेळी बॅसिलिक्सिमॅब किंवा एटीजी ह्यातलं एखादं इंजेक्शन देतात, कारण सुरुवातीचे आठवडे रिजेक्शनची भीती सगळ्यात जास्त असते.

गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, अडचणच, ज्या काळात पोटातले जोड आणि टाके भरून यायचे असतात नेमक्या त्याच काळात ह्या औषधांचे डोस सगळ्यात जास्त असतात. स्टेरॉइडमुळे जखम भरायला वेळ लागतो, साखर वाढते, आणि साखर वाढली की जखम अजून रेंगाळते. वरून स्टेरॉइड ताप आणि पोटदुखी दोन्ही झाकून टाकतं, म्हणजे आत पू झाला असला तरी पेशंट म्हणतो थोडंसं अवघडल्यासारखं वाटतंय बस. सिरोलिमस, एव्हरोलिमस ह्या गटातली औषधं तर जखमेला इतका वेळ लावतात की बहुतेक डॉक्टर पहिल्या काही आठवड्यांत ती टाळतात आणि लागली तर नंतर चालू करतात. म्हणून टाक्यांकडे रोज उजेडात नीट बघायचं. लाली पसरतेय का, पाणी सुटतंय का, एखाद्या ठिकाणी ऊबदार लागतंय का, वास येतोय का. दुखत नाहीये म्हणून सोडून द्यायचं नाही. ज्यांचं वजन जास्त आहे किंवा आधीपासून शुगर आहे त्यांनी तर दुप्पट लक्ष द्यायचं. टाके वरून भरले तरी आतला थर पक्का व्हायला महिने लागतात, त्यामुळे गॅसचा सिलिंडर सरकवणं, पाण्याची बादली, नातवाला उचलून घेणं, हे सगळं डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद, नाहीतर तिथे हर्निया होतो.

हॉस्पिटलमधल्या पहिल्या दिवसांत तुमच्या हातात फार काही नसतं, तरी काय चाललंय ते माहीत असावं. जिवंत डोनरची किडनी असेल तर बऱ्याचदा टेबलावरच लघवी सुरू होते आणि पहिले एक-दोन दिवस लिटरच्या लिटर लघवी होते, नर्स दर तासाला मोजते आणि तेवढं सलाईन भरून काढतात. मेंदूमृत डोनरची असेल तर ती काही वेळ बर्फात राहिलेली असते, त्यामुळे जागी व्हायला कधी दिवस, कधी एक-दोन आठवडे लागतात आणि मध्ये डायलिसिस करावं लागतं. ह्याने घाबरून जाऊ नका, ह्याचा अर्थ ऑपरेशन फसलं असा नाही. पण चांगली धो धो चालू असलेली लघवी अचानक थांबली तर मात्र तो वेगळा विषय. नळीत रक्ताची गाठ अडकलेली असू शकते, ती धुऊन काढली की काम होतं, पण किडनीच्या धमनीत किंवा शिरेत गुठळी झाली असेल तर एकेक मिनिट मोलाचं असतं, लगेच डॉपलर आणि लगेच ऑपरेशन थिएटर. शिरेची गुठळी असेल तर लघवी लाल होते आणि किडनीची जागा सुजून दुखते, धमनीची असेल तर काही न दुखता लघवी एकदम बंद. बेडशेजारी बसलेल्या माणसाला पिशवी भरत नाहीये हे आधी दिसू शकतं, तेव्हा संकोच न करता सिस्टरांना हाक मारायची, त्या रागावत नाहीत. तसंच रक्तस्रावाचं, ड्रेनच्या (पोटातलं पाणी-रक्त बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीत एकदम लालभडक रक्त, नाडी जोरात, बीपी खाली, अंगाला घाम, हे दिसलं की थांबायचं नाही.

पुढची तक्रार म्हणजे लघवीचा जोड गळणं. ही पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत होते. लघवी नेहमीच्या वाटेने कमी येते आणि ड्रेनमधलं पाणी अचानक वाढतं, किंवा टाक्यांमधून स्वच्छ पिवळसर पाणी झिरपायला लागतं, चादर ओली होते. डॉक्टर त्या पाण्याचं क्रिएटिनिन तपासतात, ते रक्तापेक्षा खूप जास्त आलं तर ती लघवीच. थोडी गळती असेल तर लघवीची नळी परत घालून मूत्राशय रिकामं ठेवलं तरी भरून येतं, जास्त असेल तर पुन्हा ऑपरेशन.

डीजे स्टेंट तो जोड सांभाळण्यासाठीच असतो, साधारण दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीने काढतात, काही मिनिटांचं काम असतं. डिस्चार्ज पेपरवर स्टेंट कधी काढायचा ती तारीख लिहिलेली आहे ना हे घरी निघायच्या आधी बघा, नसेल तर लिहून घ्या आणि कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात टाका. स्टेंट आत विसरला गेला तर त्यावर खडे बसतात, इन्फेक्शन होत राहतं आणि मग तो काढणं हेच एक मोठं ऑपरेशन होऊन बसतं. स्टेंट असताना थोडी जळजळ, सारखं जावंसं वाटणं, लघवीला किंचित लालसरपणा हे बऱ्याच जणांना होतं, पण ताप, थंडी किंवा दाट लाल लघवी झाली तर कळवायचं. ट्रान्सप्लांटनंतर सगळ्यात जास्त होणारं इन्फेक्शन लघवीचंच, आणि स्टेंटने ते वाढतं.

आता लिम्फोसीलबद्दल जरा सविस्तर, कारण ह्यांना तेच झालं होतं आणि ह्याबद्दल आधी आम्हाला कोणीच फारसं बोललं नव्हतं. किडनी बसवताना तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या कराव्या लागतात, त्यांच्याभोवती बारीक बारीक लिम्फच्या नळ्या असतात, त्या कापल्या जातात आणि त्यातून पाण्यासारखा द्रव पाझरून किडनीच्या बाजूला साठतो. लहान असेल तर काही करावं लागत नाही, आपोआप जिरतो. मोठा झाला तर तो युरेटर दाबतो किंवा पायाची शीर दाबतो. हा प्रकार घरी आल्यावर, काही आठवड्यांपासून काही महिन्यांत कधीही होतो. ह्यांच्या उजव्या पायाची चप्पल घट्ट व्हायला लागली, डाव्या पायाची व्यवस्थित. दोन्ही पाय सुजले असते तर पाणी जास्त झालं असं वाटलं असतं, पण एकच पाय, तोही किडनी ज्या बाजूला आहे तोच. मोजपट्टीने पोटरी मोजली तर चांगला फरक, वहीत लिहिलं, वजन बघितलं तर तेही वर चढत होतं, आणि त्याच आठवड्यात क्रिएटिनिन १.२ वरून १.७. घरातले सगळे गळाठले, सासूबाई तर देवापुढून उठेनात, की आता आपली किडनी गेली. कोऑर्डिनेटर मॅडमना फोन केला, त्यांनी त्याच दिवशी बोलावलं, सोनोग्राफीत किडनीच्या खाली पाण्याची मोठी पिशवी दिसली आणि किडनी थोडी फुगलेली. सुईने एकदा काढून टाकलं की ते परत भरतं म्हणून नळी घालून काही दिवस ठेवली. त्यानेही नाही थांबलं तर दुर्बिणीने पोटाच्या पोकळीत खिडकी पाडून देतात, मग तो द्रव तिकडे जिरतो. ह्यांचं नळीवर भागलं, पाय उतरला, क्रिएटिनिन पण खाली आलं. रिजेक्शनचं काही नव्हतं. त्या वेळी कोणी रिजेक्शन समजून नुसती स्टेरॉइडची इंजेक्शनं चालू केली असती तर पाणी तसंच राहून वरून साखर आणि इन्फेक्शन. म्हणूनच क्रिएटिनिन वाढलं की आधी सोनोग्राफी आणि डॉपलर करतात, त्याचे रिपोर्ट येईपर्यंत रिजेक्शनच आहे असं घाईने ठरवू नका.

उशिरा येणाऱ्या दोन तक्रारी थोडक्यात. युरेटरचं टोक रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे आकसतं आणि लघवी तुंबते, हे काही महिन्यांनी सुद्धा होतं. नव्या किडनीच्या संवेदनेच्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे मुतखड्याला येते तशी कळ येतच नाही, फक्त रिपोर्ट बिघडतो, म्हणून बरं वाटतंय म्हणून ब्लड टेस्ट चुकवायची नाही. दुसरं, किडनीच्या धमनीचा जोड अरुंद होणं, हे बहुतेक तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत दिसतं. बीपी गोळ्या वाढवूनही आटोक्यात येत नाही, पायांना सूज, किंवा बीपीची एखादी ठरावीक गोळी चालू केल्यावर क्रिएटिनिन उडी मारतं. डॉपलरमध्ये कळतं आणि हृदयासारखीच अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकतात.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे वही. मोबाईलमध्ये ॲप वगैरे ठीक आहे पण वही टेबलावर उघडी राहते आणि घरातला कोणीही लिहू शकतो. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन. सकाळ-संध्याकाळ ताप आणि बीपी. बीपी फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) असलेल्या हातावर घ्यायचं नाही, रक्तही त्या हातातून काढू द्यायचं नाही. लघवी पहिले काही आठवडे मोजायची, मापाच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा जग बाथरूममध्येच ठेवायचा. किती पाणी प्यायलं तेही. शुगर डॉक्टर सांगतील तशी. आणि शेवटी एक रिकामी जागा, त्यात काय वेगळं वाटलं ते, पाय, टाके, जुलाब, झोप, काहीही. दोन दिवसांत एक-दीड किलो वजन वाढलं किंवा लघवी नेहमीपेक्षा बरीच कमी झाली तर फोन. ताप १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस झाला तर फोन, काही हॉस्पिटलं १०० लाच करा म्हणतात, तुमच्या फाईलवर जे असेल ते धरा, आणि आधी क्रोसिन देऊन ताप उतरवून मग बघू असं करू नका.

आता गोळ्या. टॅक्रोलिमसचं गणित वेळेवर चालतं. दिवसातून दोनदा घ्यायची असेल तर बारा तासांनी, सकाळी ९ आणि रात्री ९ असं धरा, जेवणाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर, आणि जे ठरवलं ते रोज तसंच. दिवसातून एकदाच घ्यायची वेगळी टॅक्रो पण मिळते, नाव सारखंच वाटतं, दोन्ही एकमेकींच्या जागी चालत नाहीत. रक्तात टॅक्रो कमी पडली तर रिजेक्शन आणि जास्त झाली तर तीच गोळी किडनीला मारते, म्हणून लेव्हल सारखी तपासतात. सुरुवातीचे महिने साधारण ८ ते १२ च्या आसपास ठेवतात, नंतर हळूहळू ५ ते ८ कडे आणतात, पण प्रत्येकाचं वेगळं. लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं, रात्रीच्या गोळीला बारा तास होत आलेले असताना. इथे आपल्याकडची अडचण म्हणजे प्रवास. खारघर किंवा सीवूड्सवरून ठाण्याला जायचं, ट्रान्सहार्बरला गर्दी, नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, आणि माणूस सवयीने घरून निघतानाच गोळी घेऊन मोकळा होतो. मग लेव्हल खूप जास्त येते आणि डॉक्टर डोस कमी करतात, म्हणजे चुकीच्या रिपोर्टवर चुकीचा निर्णय. सकाळची टॅक्रो डबीत घालून सोबत न्यायची आणि रक्त दिल्यावर तिथेच घ्यायची. घरी सॅम्पल घ्यायला माणूस येत असेल तर त्याला वेळ ठणकावून सांगायची, आणि रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते फॉर्मवर लिहून द्यायचं.

कंपनी बदलायची नाही. केमिस्ट म्हणतो हे पण सेमच आहे ताई, घटक सेम असतो हे खरं, पण रक्तात किती चढते त्यात थोडा फरक पडू शकतो, म्हणून बदलायचीच वेळ आली तर डॉक्टरांना सांगून आणि नंतर लेव्हल करून. ही औषधं प्रत्येक गल्लीतल्या मेडिकलमध्ये नसतात, उलवे, तळोजा, घोडबंदरच्या टोकाला राहणाऱ्यांना तर हमखास मागवावी लागतात, तेव्हा पंधरा दिवसांचा साठा घरात असलाच पाहिजे. कॅप्सूल दमट हवेत बाहेर काढून आठवड्याच्या डब्यात भरून ठेवू नका, पाकिटातून घ्यायच्या वेळीच काढा. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. थोडाच वेळ झाला असेल तर आठवण होताच घ्यायची असं बहुतेक डॉक्टर सांगतात, बराच वेळ गेला असेल किंवा घेतल्यावर उलटी झाली असेल तर फोन करून विचारायचं. जुलाब लागले तरी फोन, कारण जुलाबात टॅक्रोची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी बऱ्याचदा वाढते.

सगळ्यात जास्त धोका दुसऱ्या कुठल्यातरी साध्या औषधाने होतो. आपल्याकडच्या दमट हवेत नायटा घरोघरी, आणि प्रतिकारशक्ती कमी असली की लवकर होतो, कोणी सांगतं फ्लुकोनाझोल किंवा इट्राकोनाझोल घ्या, ह्या दोन्हींनी टॅक्रो प्रचंड चढते. खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तरी तेच. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्या, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, टॅक्रो एकदम खाली आणतात, म्हणजे रिजेक्शनला दार उघडं. टीबी आपल्याकडे कमी नाही, तेव्हा टीबीचं औषध चालू करायचं असेल तर छातीच्या डॉक्टरांचं आणि नेफ्रॉलॉजिस्टचं म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं झालंच पाहिजे. डिल्टिआझेम ही बीपीची गोळी काही डॉक्टर मुद्दाम देतात कारण तिने टॅक्रो कमी लागते आणि पैसे वाचतात, ती कोणी मध्येच बंद केली तर लेव्हल पडते. मायकोफेनोलेटच्या जागी अझाथायोप्रिन चालू असेल आणि युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल दिलं तर पांढऱ्या पेशी धोकादायक उतरतात. पेनकिलर म्हणजे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक बंद म्हणजे बंद, गुडघे दुखले तरी. पॅरासिटामॉल चालते, पण तापाला नाही, तापाला आधी फोन.

आणि इम्युनिटी वाढवणारे काढे, गुळवेल, अश्वगंधा, कोणा मावशीने आणलेलं चूर्ण, हे प्रेमानेच येतं पण इथे आपण लाखो रुपये खर्चून इम्युनिटी दाबून ठेवतोय, ती वाढवून कसं चालेल. भाजीतली हळद, आलं-लसूण नेहमीसारखं चालतं. पपनस मात्र नाही. गणपतीच्या दिवसांत बाजारात येतं आणि घरोघरी सोलून खातात, त्यात ग्रेपफ्रूटसारखाच घटक असतो आणि टॅक्रो वाढते. मोसंबी, संत्रं चालतं का ते विचारून घ्या, कमरख नको. शहाळ्याचं पाणी सगळे आणून देतात, पण टॅक्रोने आणि सेप्ट्रानने (इन्फेक्शन होऊ नये म्हणून देतात ती गोळी) पोटॅशियम वाढतं, त्यामुळे रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणाले तरच.

दुष्परिणाम सगळ्यांना थोडेफार होतात. टॅक्रोने हात थरथरतात, ह्यांची बँकेतली सही जुळेना, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागे, डोस कमी झाल्यावर बरंच कमी झालं. थरथर अचानक वाढली, डोकं खूप दुखायला लागलं तर लेव्हल जास्त झाली असण्याची शक्यता असते. आधी शुगर नसलेल्याला शुगर होऊ शकते, टॅक्रो आणि स्टेरॉइड दोघांमुळे. मायकोफेनोलेटने जुलाब आणि पांढऱ्या पेशी कमी. स्टेरॉइडने तोंड गोल होतं, भूक वाढते, झोप उडते, चिडचिड होते, घरच्यांनी ते मनावर घेऊ नये. तरुण मुलींनी आणि त्यांच्या सासर-माहेरच्यांनी लक्षात ठेवायचं, मायकोफेनोलेट चालू असताना दिवस राहिले तर बाळाला मोठा धोका असतो, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं आणि बदलल्यावर निदान सहा आठवडे थांबायचं. ह्यातलं काहीही त्रासदायक असलं तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांकडे डोस कमी करणं, औषध बदलणं असे बरेच मार्ग असतात.

घराबद्दल. नवी मुंबई-ठाण्यातल्या बिल्डिंगांना कबुतरांचा त्रास आहेच, त्यांच्या विष्ठेतून बुरशी फुप्फुसात जाते, तेव्हा पेशंट घरी यायच्या आधी बाल्कनीला जाळी लावून, ओलं करून साफ करून घ्या, आणि ते काम पेशंटने करायचं नाही. समोर बांधकाम किंवा तोडफोड चालू असेल तर त्या बाजूची खिडकी बंद. कुंड्यांची माती दुसऱ्याने हाताळावी. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालणं नाही, लेप्टोची भीती साध्या माणसालाही असते, इथे तर विचारूच नका, आणि चुकून पाय गेलाच तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. पहिले तीन महिने लोकलची गर्दी टाळलेली बरी, नंतर मास्क लावून. पाणी उकळून, स्टेशनबाहेरची कापलेली फळं, बर्फ, पाणीपुरी नाही. भेटायला येणाऱ्यांत कोणाला सर्दी, कांजिण्या, डोळे आलेले असतील तर त्यांनी फोनवरच भेटावं. जिवंत जंतूंच्या लशी पेशंटला चालत नाहीत, फ्लू आणि न्यूमोनियाच्या इंजेक्शनवाल्या चालतात पण कधी ते डॉक्टर सांगतील. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या पोलिओच्या थेंबांबद्दल आधी विचारून ठेवा.

रात्री-अपरात्री फोन करायची वेळ आली तर वही समोर घेऊनच करा आणि सरळ सांगा, पेशंटचं नाव, ट्रान्सप्लांट कधी झालं, शेवटचं क्रिएटिनिन आणि टॅक्रो लेव्हल किती आणि कुठल्या तारखेचं, आत्ता ताप-बीपी किती, आज लघवी किती, स्टेंट आत आहे की काढला, कुठलं नवीन औषध सुरू झालं. ड्युटीवरचे डॉक्टर नवीन असले तरी एवढ्यावर त्यांना ठरवता येतं की लगेच निघायचं की सकाळपर्यंत थांबायचं. जवळच्या नर्सिंग होममध्ये जावं लागलं तर तिथे पहिलं वाक्य हेच, किडनी ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, पेनकिलरचं इंजेक्शन देऊ नका, आमच्या नेफ्रॉलॉजिस्टना आधी फोन लावा. आम्ही ते वाक्य आणि नंबर एका कार्डावर लिहून ह्यांच्या पाकिटात ठेवलंय. गावी जाताना गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत, लागतात त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त, आणि एक पिशवी कायम अंगाजवळ, सामानाबरोबर गाडीच्या डिकीत नाही.

डोनरला विसरू नका. सगळं घर किडनी मिळालेल्याच्या मागे धावत असतं आणि देणारी आई किंवा बायको आठवड्याभरात स्वयंपाकघरात उभी राहते. त्यांच्याही पोटात टाके आहेत, त्यांनाही जड उचलायचं नाही, आणि दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं. सासूबाईंची तारीख आम्ही ह्यांच्या तारखेलाच जोडून घेतलीय, एकाच रिक्षाने दोघं जातात.